सोंगक्रानच्या दिवसांत आईला घेऊन जावं का?

प्रश्न : ताई, एप्रिलमध्ये आम्ही थायलंडला चाललोय. चियांग माईचे आमचे दिवस नेमके सोंगक्रानमध्ये, म्हणजे थाई नववर्षाच्या पाण्याच्या सणात आलेत. सोबत आई आहे, वय ७२. व्हिडिओ बघितले तर अख्खं शहर पिचकाऱ्या घेऊन रस्त्यावर! आईला हे झेपेल का? की तारखा पुढे ढकलू? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : तारखा अजिबात बदलू नका. फक्त आईंचा सोंगक्रान वेगळा आणि तुमचा वेगळा, हे आधीच ठरवून टाका.

मी पहिल्यांदा तिथे पोचले ती बँकॉकहून रात्रीच्या रेल्वेने, १३ एप्रिलच्या सकाळी. स्टेशनबाहेर लाल सोंगथेव उभ्या असतात, मागे समोरासमोर दोन बाकं टाकलेल्या शेअर पिकअप. तिच्यात बसून पिंग नदीचा पूल ओलांडला आणि पहिली बादली अंगावर आली. बर्फाचं पाणी! लोक पिंपांत बर्फाच्या लाद्या सोडून ठेवतात. पारा चाळिशीला टेकलेला आणि ते पाणी मानेवरून पाठीत उतरतं, तेव्हा तोंडातून शब्द फुटत नाही. टाकणारी बाई माझ्याच वयाची. तिने बादली खाली ठेवली, हात जोडले आणि म्हणाली, ‘सवाद्दी पी माई’, नव्या वर्षाच्या शुभेच्छा. त्या क्षणी मला ते शहर आवडून गेलं.

राजा मंगरायने १२९६ साली वसवलेलं हे जुनं शहर जवळजवळ चौकोनी आहे, एकेक बाजू साधारण दीड किलोमीटर, आणि चारही बाजूंनी खंदक. सगळा दंगा या खंदकाकाठी, विशेषतः था फे दरवाजापाशी. दोरी बांधलेल्या बादल्या खंदकात सोडून पाणी उपसतात, पिकअप गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. तुम्ही जरूर जा. पण ते पाणी स्वच्छ नसतं. तोंड मिटून ठेवा, कॉन्टॅक्ट लेन्स घालू नका आणि मोबाइल वॉटरप्रूफ पिशवीत टाका. भिक्षू, म्हातारी माणसं, तान्ही बाळं आणि दुचाकीवाले यांच्यावर पाणी मारायचं नाही. आणि स्कूटर भाड्याने घेऊच नका. या आठवड्यात थायलंडच्या रस्त्यांवर अपघात फार होतात, हे मी अगदी कळकळीने सांगते.

आता आईंचं. त्यांना सकाळी आठच्या आत देवळात न्या, तेव्हा गल्ल्या शांत असतात. देवळांच्या अंगणात वाळूचे छोटे स्तूप रचलेले दिसतील, त्यांत रंगीत कागदी पताका खोवलेल्या. वर्षभर लोकांच्या पायांना लागून देवळातली जी वाळू बाहेर गेली, ती अशी परत आणून द्यायची, अशी तिथली श्रद्धा. १३ तारखेला ‘वाट फ्रा सिंग’ या देवळातली फ्रा सिहिंग ही बुद्धमूर्ती मिरवणुकीने बाहेर काढतात. लोक दुतर्फा चांदीच्या वाडग्यांत सुगंधी पाणी घेऊन थांबतात आणि मूर्तीवर शिंपडतात. त्या पाण्यात मोगरा असतो आणि ‘सोम पोई’च्या भाजलेल्या शेंगा. सोम पोई म्हणजे आपली शिकेकाई! आईंना वाडग्याचा वास घ्यायला सांगा, त्या लगेच ओळखतील.

१५ तारीख थोरांची. मी उतरले होते त्या गेस्टहाऊसमध्ये मालकिणीची आई वेताच्या खुर्चीत बसली होती, हात पुढे धरून. मुलं-नातवंडं एकेक करून गुडघ्यांवर पुढे यायची आणि तिच्या ओंजळीवर तेच शिकेकाईचं पाणी हळूहळू ओतायची. ती पुटपुटत आशीर्वाद द्यायची आणि ओला तळवा त्यांच्या डोक्यावर फिरवायची. एका नातवाने केसांना जेल लावलं होतं, त्याच्या डोक्यावरून तिने हात जरा जास्तच वेळ फिरवला. मग मलाही बोलावलं. म्हणून मोठ्या हॉटेलात न उतरता खंदकापासून दूर, आतल्या गल्लीत एखादं घरगुती गेस्टहाऊस शोधा. आई सोबत आहेत म्हटल्यावर त्यांच्याही हातावर पाणी घालायला कुणी ना कुणी पुढे येईल.

खरी काळजी पाण्याची नाही, धुराची आहे. मार्च-एप्रिलमध्ये उत्तर थायलंडमध्ये शेतं आणि जंगलं पेटलेली असतात. चियांग माई डोंगरांच्या खोऱ्यात असल्यामुळे तो धूर तिथेच साचून राहतो. कधीकधी शहरालगतचा दोई सुथेपचा डोंगरसुद्धा दिसत नाही. आईंना दमा किंवा छातीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ते नको म्हणाले तर हे दिवस बँकॉकला काढा. तिथे नॅशनल म्युझियममधली याच नावाची दुसरी मूर्ती दर्शनासाठी बाहेर आणतात आणि तिलाही असंच सुगंधी पाण्याने स्नान घालतात.