क्लस्टर आयन (अनेक अणूंचा विद्युतभारित पुंजका) पृष्ठभागावर आदळल्यावर एकट्या आयनापेक्षा कितीतरी जास्त पदार्थ का उडतो?

कारण ऊर्जा पृष्ठभागाच्या अगदी जवळ, एकाच जागी आणि एकदम ओतली जाते. २० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं एकक) ऊर्जेचा एकटा आर्गॉन आयन खोल घुसतो. वाटेत अणूंना धक्के देतो खरा, पण बहुतेक ऊर्जा आतच मुरते आणि वरून मोजकेच अणू सुटतात.

तेवढ्याच ऊर्जेचा ६० कार्बन अणूंचा फुलरीन, म्हणजे पोकळ चेंडूसारखा रेणू, आदळताक्षणी फुटतो. प्रत्येक अणूच्या वाट्याला येतात सुमारे ३३३ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणून कुणीच फार खोल जात नाही. सगळे वरच्या काही नॅनोमीटरमध्येच, पिकोसेकंदाच्या (सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या) आत अडतात. धक्के एकमेकांवर चढतात, तिथला पदार्थ क्षणभर तप्त, दाबलेल्या द्रवासारखा उसळून बाहेर पडतो आणि मागे कडा उचललेला खड्डा राहतो. साठ सुट्या अणूंची बेरीज इथे चालतच नाही. उत्सर्जन त्याहून खूप जास्त होतं.

सेंद्रिय नमुन्यांत तर हे फारच सुंदर दिसतं. त्याच ऊर्जेच्या २००० अणूंच्या आर्गॉन क्लस्टरमध्ये दर अणूमागे जेमतेम १० इलेक्ट्रॉनव्होल्ट असतात. त्यामुळे बरेच रेणू अख्खे सुटतात, खालच्या थराला फारशी इजा होत नाही. दुय्यम आयन वस्तुमान वर्णपटमितीत (माऱ्याने सुटलेले आयन वस्तुमानावरून ओळखण्याच्या पद्धतीत) याच जोरावर नमुना थराथराने सोलत तपासता येतो.