विझलेल्या ज्वालामुखीवर चढायचंय, गुडघे ऐकतील का?

प्रश्न: दादा, लेक-जावई होनोलुलूला असतात, डिसेंबरात आम्ही दोघं चाललोय. लेक म्हणते तुम्हाला डायमंड हेडवर नेते, समुद्राला लागूनच आहे, ज्वालामुखी आहे पण विझलेला. ज्वालामुखी ऐकून ह्यांनी तर हातच जोडले. माझं वय ६१, रविवारी पांडवलेणी चढते पण उतरताना गुडघे कुरकुरतात. जमेल का? आणि आत गरम वगैरे नसतं ना?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर: काकू, गरम असेल ते फक्त ऊन! तो डोंगर साधारण ३ लाख वर्षांपूर्वी थोडक्या काळात उडून तयार झाला आणि मग गप्प बसला. खालून आलेल्या लाव्ह्याला पाणी लागलं, वाफेने त्याच्या चिंधड्या उडाल्या आणि ती राख बसून दगड झाली, म्हणून तो मोठ्या परातीसारखा दिसतो, आपल्या ब्रह्मगिरीसारखा थरावर थर काळा कातळ नाही. हिरेबिरे काही नाहीत हां, खलाशांना चमकणारे कॅल्साइटचे खडे हिरे वाटले आणि नाव पडलं, तिथल्या लोकांचं नाव लेआही.

टोक २३२ मीटर, म्हणजे आपलं नाशिक शहरच त्याच्या दुपटीहून उंच. गाडी बोगद्यातून थेट परातीच्या आत जाते, तिथून चढ १७० मीटरच, एका बाजूला १.३ किलोमीटर. वाट १९०८ मध्ये अमेरिकन लष्कराने किनाऱ्यावर नजर ठेवायला काढली, त्यामुळे वळणं-वळणं, खडबडीत, शेवटाकडे अजून एक अरुंद बोगदा आणि मग ९९ उभ्या पायऱ्या. हरिहरची सर नाही त्याला, पण गुडघ्यांचा खरा हिशोब ह्याच पायऱ्यांवर उतरताना होणार, तेव्हा कठडा धरून सावकाश, मागचे घाई करतील, करू द्या. चप्पल नको, शूज घाला. जाऊन-येऊन दीड-दोन तास धरा.

सावली जवळजवळ नाहीच आणि वर प्यायला पाणी मिळत नाही, म्हणून सकाळी ६ ला गेट उघडतं तेव्हाचाच स्लॉट घ्या. २०२२ पासून बाहेरच्यांना ऑनलाइन बुकिंग लागतं, माणशी ५ डॉलर, ते लेकीला आधीच करून ठेवायला सांगा, तिथे जाऊन बघू म्हणाल तर परत फिरावं लागेल.

आणि दुर्बीण न्या. डिसेंबरात हंपबॅक देवमासे हवाईच्या समुद्रात आलेले असतात, नशीब असेल तर वरून दिसतात. काकांना ज्वालामुखीचं नाव काढूच नका, देवमासे बघायला चाललोय म्हणा.