समुद्री माशांची टाकी दुधाळ झालीय? आधी जरा थांब

वाळू धुवून टाकली होतीस का? नसशील, तर ती धूळ आहे, एक-दोन दिवसांत बसेल. पण स्वच्छ झालेलं पाणी पुन्हा ताकासारखं झालं, तर बहुधा जिवाणू वाढलेत. अमोनिया (माशांच्या घाणीतून पाण्यात येणारं विष) तपास, माशांचं खाणं कमी कर, स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) रात्रंदिवस चालू ठेव. हे जिवाणू ऑक्सिजन खातात. मासे वर येऊन धापा टाकायला लागले, तर पंपाचं तोंड पृष्ठभागाकडे वळव. अमोनिया दिसला तर मात्र पाणी बदलायचंच, आरओचं, समुद्री मीठ घालून १.०२५ घनतेला कालवलेलं.

आणि खरं सांग, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातली कार्बोनेटं) वाढवणारे डोस एकापाठोपाठ ओतलेस ना? दोन्ही भेटले की चुनखडी होऊन पांढरा धूर उठतो. मीही केलंय हे. आता एक सकाळी टाकतो, दुसरा रात्री.