लपवून घेतलेली सुई

दांडिया बाजार, बडोदे

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

रात्री साडेअकराला पाठवलेला तुझा मेसेज मी सकाळी वाचला. तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. भुवया उंचावल्या की कपाळावर दोन बारीक रेघा उमटतात, भुवया खाली आल्या की त्या जातात. एवढंच आहे. पण दिवसभर माझ्या डोक्यात राहिलं ते तुझं शेवटचं वाक्य: ‘मावशी, आईला सांगू नकोस हं.’ बोटॉक्स घेऊ का, याचं उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. हे पत्र त्या वाक्यासाठी लिहिते आहे.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते. आत्ता नको घेऊस.

बोटॉक्स म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन, एका जिवाणूने तयार केलेलं विष, अगदी सूक्ष्म मात्रेत. मज्जातंतूच्या टोकाकडून स्नायूला जो रासायनिक निरोप जातो, तो हे औषध अडवतं. निरोप पोचला नाही की स्नायू आकसत नाही आणि वरच्या कातडीला घडी पडत नाही. ३ ते ५ दिवसांत गुण दिसायला लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि साधारण ३-४ महिन्यांत ओसरतो. मग पुन्हा सुई. आज २७ व्या वर्षी सुरू करून ५७ पर्यंत चालू ठेवलंस, तर वर्षाला तीनप्रमाणे ९० वेळा. तू पाठवलेल्या नवरात्राच्या ऑफरमध्ये पहिल्या वेळेचा भाव लिहिलाय, नव्वदचा हिशेब कुणी लिहीत नाही. तुझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी ‘प्रिव्हेंटिव्ह’ म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे. स्नायू वर्षानुवर्षं निवांत राहिला तर घडी खोल रुतत नाही, हे खरंच. पण चेहरा स्वस्थ असताना तुझ्या कपाळावर रेघच नाही, तर मी औषध कशावर देऊ?

औषध वाईट आहे असं मात्र माझ्या तोंडून ऐकायला मिळणार नाही. ते मुळात सुंदर दिसण्यासाठी आलंच नव्हतं. अ‍ॅलन स्कॉट या अमेरिकन नेत्रतज्ज्ञांनी तिरळ्या डोळ्यांसाठी ते वापरात आणलं आणि १९८९ मध्ये तिकडे त्याला तिरळेपणासाठी आणि पापण्यांच्या आकडीसाठी मान्यता मिळाली. पुढे कॅनडातल्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरदर्स यांच्या लक्षात आलं की पापण्यांसाठी सुई घेतलेल्यांच्या भुवयांमधल्या आठ्याही जातात. त्यांचे पती त्वचातज्ज्ञ. दोघांनी मिळून त्यावर काम केलं आणि २००२ मध्ये अमेरिकेत त्या आठ्यांसाठीही मान्यता मिळाली. आज सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांच्या ताठरलेल्या पोटऱ्या याच औषधाने सैल करतात. तळहाताच्या घामाने ज्याची उत्तरपत्रिका भिजून जायची, अशा एका मुलाला मी स्वतः ते दिलंय. पुढच्या परीक्षेनंतर पेढे घेऊन आला होता. आणि आठ्यांसाठीही दिलंय, कितीतरी जणींना. त्यांतल्या बऱ्याच जणी खूश होऊन गेल्या आणि त्यांनी काही चूक केली असं मला वाटत नाही.

आता, तुझ्या आईशी माझी इतकी जुनी मैत्री असून तिलाही कधी बोलले नाही, ते तुला सांगते. ५१ व्या वर्षी मी स्वतः बोटॉक्स घेतलं होतं.

त्याच सुमारास एका औषध कंपनीचा मुलगा मला म्हणाला होता, ‘मॅडम, या लाइनमध्ये डॉक्टरचा चेहरा हीच पाटी.’ मी कानाआड केलं. आठवड्याभरात एक नवीन पेशंटबाई दारातून आत आल्या, माझ्याकडे नीट पाहिलं आणि बाहेर जाऊन आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीला हळूच विचारलं, ‘बेन, बीजा कोई नाना डॉक्टर छे?’ दुसरे कुणी लहान डॉक्टर आहेत का. दार उघडंच होतं, मी ऐकलं. त्या रात्री बेसिनच्या आरशासमोर मी किती वेळ उभी होते कोण जाणे. पंधरा दिवसांनी घरी ‘कॉन्फरन्स आहे’ सांगून दुसऱ्या गावी गेले आणि ओळखीच्या डॉक्टरकडून सुई घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत आले.

आठव्या दिवशी उजवी पापणी उतरली. असं होतं कधीकधी. औषध थोडं खाली झिरपून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचतं. कायमचं नसतं, काही आठवड्यांत पापणी आपोआप पूर्ववत होते. पेशंटना मी हे हजारदा समजावलेलं. घरात मात्र माझ्या तोंडून निघून गेलं, ‘रांजणवाडी येतेय बहुतेक.’

तेव्हा सासूबाई ८२ वर्षांच्या होत्या. तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लावून झाला की त्या मला जवळ बसवायच्या. पदराचं टोक चौघडी करून मुठीत धरायच्या, तोंडाशी नेऊन त्यात ‘हाऽ’ करून वाफ भरायच्या आणि ते ऊबदार कापड माझ्या पापणीवर टेकवायच्या. पुन्हा वाफ, पुन्हा पापणी. पदराला उदबत्तीचा आणि फोडणीचा वास यायचा. मध्येच अंगठ्याच्या पेराने पापणी चाचपून म्हणायच्या, ‘गाठ काही हाताला लागत नाही गं. आतून असेल.’ मग सहाणेवर लवंग उगाळायच्या. गुडघे दुखत असतानाही त्या पाच आठवड्यांत त्यांनी एक संध्याकाळ चुकवली नाही आणि मीही एका संध्याकाळी खरं बोलले नाही. त्या जाऊन आता सात वर्षं झाली. सुई घेतल्याचं मला आज काहीच वाटत नाही, पापणी उतरल्याचंही नाही. तो पदर डोळ्यांवर असताना मी खोटं बोलत होते, हे मात्र मनातून जात नाही.

तू म्हणशील, मनाला लागेल एवढंच ना? तेवढ्यावर भागत नाही, बाळा. माझ्याकडे आलेल्या एका बाईंचं सांगते. मुलीच्या लग्नाला चार दिवस होते. फोटोत नाकापासून ओठांपर्यंतची घडी दिसू नये म्हणून त्यांनी एका ठिकाणी जाऊन फिलर भरून घेतलं. फिलर म्हणजे बहुतेक वेळा ह्यालुरॉनिक अ‍ॅसिडचं जेल. बोटॉक्सपेक्षा त्याचा धोका वेगळा आणि मोठा. ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर पुढचा रक्तपुरवठा तुंबतो. कातडी पांढुरकी पडते, मग जाळीसारखी निळसर होते आणि दुखायला लागतं. डोळ्याकडे जाणाऱ्या वाहिनीत गेलं तर नजरही जाऊ शकते. असं क्वचित घडतं, पण घडतं. त्यावर उताराही आहे. ह्यालुरॉनिडेज नावाचं इंजेक्शन ते जेल विरघळवतं, फक्त वेळ हाताशी असायला हवा, पहिले काही तास.

त्या बाईंचा गाल संध्याकाळपासून ठणकत होता. घर पाहुण्यांनी भरलेलं, मांडव घातलेला, मेंदीवाल्या बसलेल्या. फिलरचं नवऱ्याला माहीत नव्हतं, मुलीला नव्हतं. त्यांनी सगळ्यांना ‘दाढ दुखतेय’ म्हणून सांगितलं. बहिणीने लवंगेचा बोळा दिला, तो दाढेत धरून त्या रात्रभर अंथरुणावर बसून राहिल्या. माझ्याकडे आल्या तेव्हा दोन दिवस उलटून गेले होते आणि नाकपुडीशेजारी रुपयाएवढा भाग काळा पडला होता. जखम भरली, खाच राहिली. रडत म्हणाल्या, ‘डॉक्टर, रात्री कुणाला उठवणार होते मी, आणि काय सांगून?’

माझ्या ३३ वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी जे बिघडलेले चेहरे पाहिले, त्यांतले निम्मे तरी असेच लपवण्यातून बिघडलेले. पर्समध्ये मलमाची ट्यूब ठेवून आठ-आठ वर्षं ती तोंडाला लावणाऱ्या बायका तू पाहिल्या नाहीस. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे स्टिरॉइड, असं तीन औषधांचं मिश्रण. वांगासाठी ते ठरावीक आठवडे डॉक्टरच्या देखरेखीखाली वापरायचं असतं. उजळपणासाठी रोज चोपडलं की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते आणि बंद केलं की आग होते, म्हणून पुन्हा तेच लावलं जातं. २०१८ मध्ये सरकारने अशी स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी मैत्रीण मैत्रिणीला ट्यूबचं रिकामं खोकं दाखवते आणि ती दुकानातून तसंच आणते. विचारलं तर म्हणतात, ‘घरी माहीत नाही.’

हे लपवायला आपल्याला शिकवलं कुणी? मला वाटतं, बाईकडून दोन गोष्टी एकाच वेळी मागितल्या जातात: वय दिसता कामा नये आणि त्यासाठी काही करतानाही दिसता कामा नये. नवऱ्याचे कानशीलाजवळचे केस पांढरे झाले की तो भारदस्त दिसतो. बायकोचे झाले की हळदीकुंकवात कुणीतरी कानाशी येऊन विचारतं, ‘अगं, बरं नाही का तुला?’ रंगवले तर, ‘या वयात काय गं हे!’ तुझा मॅनेजर म्हणाला ना, ‘क्लायंटच्या कॉलवर जरा फ्रेश दिसत जा’? तुझ्या शेजारी बसणाऱ्या, तीन दिवसांची दाढी वाढवून येणाऱ्या मुलाला हे तो कधी म्हणालाय का, एवढं फक्त आठवून बघ.

आणि जे शरीरात होणारच असतं, तेही आपल्याला आपली चूक वाटतं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजन, म्हणजे तिला घट्ट ठेवणारं प्रथिन, जवळजवळ ३०% कमी होतं. तुझी आई आत्ता त्याच वर्षांत आहे. गेल्या महिन्यात कमाटी बागेत फिरताना तिने मला गाल ओढून दाखवला, ‘हे बघ, कसं लोंबतंय.’ आवाजात एवढी लाज होती की जणू तिच्याकडूनच काही राहून गेलंय. माय-लेकी एका घरात राहता, एकाच गोष्टीने रात्री जाग्या असता आणि एकमेकींपासून लपवता.

फोनवरच्या फोटोंचंही सांगते. एका फुटावरून काढलेल्या सेल्फीत नाक ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३०% रुंद दिसतं. मागे तू नाकाबद्दलही विचारलं होतंस, म्हणून मुद्दाम लिहिलं. फार जवळून काढल्याचा परिणाम आहे तो, तुझं नाक तुझ्या आजीचं आहे आणि उत्तम आहे.

याच्या उलट टोकाचं बोलणारेही मला पटत नाहीत. चेहऱ्यावर उपचार म्हणजे चोचले, असं म्हणणाऱ्यांना मी कावसजीची गोष्ट सांगते. इंग्रज फौजेच्या बैलगाडीवरचा हा माणूस टिपूच्या सैन्याच्या हाती लागला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या एका कुंभाराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. १७९४ मध्ये ती हकीकत लंडनच्या मासिकात चित्रासकट छापून आली आणि युरोपातल्या सर्जननी ती विद्या तिथून उचलली. भाजलेल्या, कोड फुटलेल्या, अपघातात गाल फाटलेल्या मुलींना मी आरशासमोर परत उभं राहताना पाहिलंय. चेहरा माणसाला प्रिय असतो. तुलाही तुझा असावा.

उद्या ३५-४०व्या वर्षी तुला खरंच वाटलं, तर घे. एमडी त्वचातज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडेच जा, पार्लरमध्ये किंवा कुणाच्या फ्लॅटवर नाही. बाटली तुझ्यासमोर उघडायला सांग, बॅच नंबर तुझ्या कागदावर लिहून घे. फिलर असेल तर ह्यालुरॉनिडेज तिथल्या फ्रिजमध्ये आहे का, ते विचार. उत्तर देताना चिडले तर उठून ये. दिवस राहिले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर अजिबात नाही. लग्नकार्याच्या महिनाभरात पहिल्यांदा तर नाहीच नाही. आणि घरातल्या एका तरी माणसाला आधी सांगून जा, म्हणजे रात्री दोनला गाल ठणकला तर त्याला उठवता येईल.

सध्या मकरपुऱ्याला जाताना अ‍ॅक्टिवावर ओढणी बांधतेस, ती सोडू नकोस. आपल्या उन्हात त्याहून चांगलं काही नाही. खाली एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, दोन बोटं भरून, ऑफिसात खिडकीशी बसत असशील तरीही, कारण काचेतून यूव्हीए किरण आत येतात. बाकी माझ्याकडून तुला चिठ्ठी नाही.

नवरात्राची ऑफर ज्या दिवशी संपते त्या रविवारी संध्याकाळी माझ्याकडे ये. चहा मी टाकते, तू येताना लीलो चिवडा आण. त्या पाच आठवड्यांतला एक फोटो आहे माझ्याकडे, घरच्या गणपतीसमोरचा, काळा चष्मा लावलेला. तो आजवर कुणाला दाखवला नाही. तुम्हा दोघींना दाखवेन.

आईला सांगून ये.

तुझी,
मावशी