नसबंदीच्या ऑपरेशननंतर कुत्रीच्या टाक्यांखाली लिंबाएवढी सूज आली आहे, काय करू?

तुम्ही लिहिलंय त्यावरून: देशी कुत्री, दोन वर्षांची, 16 किलो, ऑपरेशनला आज चौथा दिवस. टाके बेंबीच्या खाली, त्यांच्याखाली लिंबाएवढी मऊ सूज. खातेय-पितेय. इंदूरला रामबागेत जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर राहता आणि आई म्हणतायत, हळद लावा. आधी सूज बघू, मग हळद.

पोटाला टाके थराथरांत घालतात. सगळ्यात आत स्नायूंच्या मधल्या पांढऱ्या पट्टीला, मग चरबीला, वर कातडीला. तुम्हाला दिसतात ते वरचे. आतडी जागेवर धरून ठेवतात ते सगळ्यात आतले. त्यामुळे वरची शिवण अगदी छान दिसतेय आणि आत उसवलंय, असंही होतं.

चौथ्या दिवशी अशी सूज बहुतेक वेळा पाण्याची असते. कुत्री फार हुंदडली की कातडी आणि खालचा थर एकमेकांवर घसरतात आणि मधल्या पोकळीत पाणी साचतं. ही सूज मऊ असते, दुखत नाही, कातडी गरम किंवा लालभडक नसते. दोन-तीन आठवड्यांत आपोआप जिरते. सुई टोचून पाणी काढायला सांगू नका. ते पुन्हा भरतं आणि सुईबरोबर जंतू आत जातात. दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं कोमट फडक्याने शेका. फडकं आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा, चटका बसता कामा नये.

दुसरी शक्यता हर्नियाची, म्हणजे आतली शिवण सुटून पोटातलं काही कातडीखाली येण्याची. कुत्रीला उभी करून सूज बघा, मग कुशीवर निजवून बघा. उभी असताना वाढते, निजल्यावर कमी होते, बोटाने हलकेच दाबली तर आत सरकते, असं असेल तर ते पाणी नाही, आतली शिवण सुटलीय. दाबून दाबून खात्री करत बसू नका, आजच दाखवा. कातडीही उघडून आतलं काही बाहेर आलं तर ते आत ढकलायचं नाही. स्वच्छ सुती कापड सलाईनमध्ये भिजवून त्यावर ठेवा, पोटाभोवती सैल गुंडाळा, गळ्यात कोन (चाटू नये म्हणून घालायची प्लास्टिकची कॉलर) घाला आणि निघा. रात्री दवाखाना उघडा मिळेल की नाही, हे आत्ताच फोन करून विचारून ठेवा. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्यापासून फार लांब नाही, तिथल्या दवाखान्याच्या वेळाही लिहून ठेवा.

आता जिना. वाड्याचा उभा जिना हाच तुमचा खरा शत्रू आहे. उडी, पळणं, पायऱ्या, सगळं किमान दहा दिवस बंद. शू-शीला पट्ट्यावर पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. जिन्यावरून उचलून न्या: एक हात छातीखाली, दुसरा मांड्यांच्या मागून. पोटाखाली हात घालून उचललंत तर सगळा भार टाक्यांवर येतो. कोटा फरशीवर पाय घसरतात, म्हणून वावरायच्या जागेत सतरंजी पसरा. झोपायला जुनी धुतलेली चादर, रोज बदलायची. गोणपाट नको, त्याचे तंतू टाक्यांत अडकतात.

कोन रात्रंदिवस. नाकाच्या पुढे दोन-तीन सेंटीमीटर यायला हवा आणि गळ्याशी दोन बोटं जायला हवीत. जेवताना काढलात तरी समोर बसून राहा, किंवा वाटी स्टुलावर ठेवा म्हणजे काढावाच लागणार नाही. "कुत्र्याच्या लाळेत औषध असतं" हे विसरा. लाळेत जंतू असतात, आणि टाका उसवायला पाच मिनिटं पुरतात.

आईंना माझ्यातर्फे सांगा, हळद वरणात. टाक्यांच्या भोकांत तिचे कण बसतात, आणि सगळं पिवळं झाल्यावर खालची लाली दिसतच नाही. रोज बघायची असते ती लालीच. स्पिरिट, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी नवी पेशी जळते. कोरडी, मिटलेली जखम तशीच सोडायची, हा उत्तम इलाज. घाण लागली तरच सलाईनने पुसा: अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा चमचा काठाच्या थोडा खाली. घासायचं नाही, टिपायचं.

दुखतंय म्हणून घरातली कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक मुळीच देऊ नका. कुत्र्यांत पोटात अल्सर होतो, मूत्रपिंड जातं. डॉक्टरांनी दिलेली गोळीच, पोटात अन्न असताना. शी काळी झाली किंवा उलट्या लागल्या तर गोळी थांबवून फोन करा. आणि लाडाने कांदा घातलेले पोहे भरवू नका, कांदा कुत्र्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो.

पावसाळ्यात माश्यांकडे लक्ष. ओल्या जखमेवर रव्यासारखे पांढरे कण दिसले तर ती अंडी, दिवसभरात अळ्या पडतात. टर्पेंटाइन किंवा फिनाइल ओतू नका, तसंच घेऊन जा.

सकाळ-संध्याकाळ, त्याच उजेडात, टाक्यांचा फोटो काढा. सूज वाढतेय का, हे डोळ्यांपेक्षा फोटोत चांगलं कळतं. ताप गुदद्वारातून, व्हॅसलीन लावून, थर्मामीटर इंचभर आत. कुत्र्याला 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट हे नॉर्मल; आपल्याला तो ताप असतो, त्याला नाही. 103 च्या वर, पू, घाण वास, टाक्यांतून थेंब थेंब गळत राहणं, एक दिवस अन्न न घेणं, यांतलं काहीही दिसलं तर वाट बघू नका. हिरडी बोटाने दाबा. पांढरी होऊन दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवी. मुळातच फिकट असेल तर आत रक्त जात असू शकतं, लगेच निघा.

मासेमारीच्या दोऱ्यासारखी टोकं बाहेर दिसत असतील तर ते टाके 10 ते 14 दिवसांनी काढावे लागतात. काहीच दिसत नसेल तर आतल्या आत विरघळणारे घातलेत, काढायचे नाहीत. तरी दहाव्या दिवशी एकदा दाखवून या. अंघोळ त्यानंतर दोन दिवसांनी.