पोरीची पहिली घरीच करायची ठरवलीय, वर्ष कसं आखू?

या वेळी घरशाळेबद्दलच बरीच पत्रं आलीत, त्यातली तीन घेतेय. पहिल्याला जरा जास्त जागा दिलीय कारण त्यात बाकीच्यांचेही प्रश्न येऊन जातात.

प्रश्न: ताई, आम्ही सिन्नरला राहतो. लेक ऑक्टोबरमध्ये सहा पूर्ण होईल. सिनियर केजीत रोज रडत जायची, घरी आली की दोन दोन पानं होमवर्क, शेवटी आम्ही ठरवलं की पहिलीचं वर्ष घरीच करायचं. मिस्टरांचा पाठिंबा आहे पण सासूबाई म्हणतात पोर अडाणी राहील. मी जून ते एप्रिलचं वेळापत्रक बनवायला बसले, सहा विषय, रोज साडेतीन तास, आणि घाबरूनच गेले. हे कायद्यात बसतं का, पुढे शाळेत घेतील का, आणि एवढं सगळं मी एकटी कसं शिकवू?

उत्तर: आधी ते साडेतीन तासांचं वेळापत्रक बाजूला ठेवा. मी माझ्या मोठीच्या वेळी अगदी हेच केलं होतं, रंगीत पेनांनी तक्ता करून भिंतीला लावला, नऊ ते साडेबारा, मधे डब्याची सुट्टीसुद्धा. पंधरा दिवसांत मी पेन्सिल हातात घेतली की पोरगी पलंगाखाली जाऊन बसायची, बाहेरच यायची नाही. त्या दिवशी तक्ता काढला तो परत लावला नाही. शाळेत वेळ जास्त लागतो कारण तिथे तीस-चाळीस पोरं असतात, हजेरी असते, वह्या वाटायच्या असतात, एकाचं होईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं असतं. घरी एकच पोर आहे, तिच्याशी समोरासमोर बसून सकाळी नाश्ता झाल्यावर वीस मिनिटं भाषा, मग उठून काहीतरी खेळणं-खाणं, मग वीस मिनिटं गणित, आणि रात्री झोपताना तुम्ही वाचून दाखवायची गोष्ट, एवढं या वयाला भरपूर होतं. आठवड्यातून चार दिवस असं बसा आणि पाचव्या दिवशी बाहेर पडा.

हे बाहेर पडणं म्हणजे सुट्टी नाही हं. तुमच्या गावात एसटी स्टँड आहे, तिथे अर्धा तास बाकावर बसा आणि बसच्या पाट्या बघा. माझ्या लेकीने आयुष्यात पहिला शब्द आपणहून वाचला तो अशाच स्टँडवर, तेव्हा तिला म, न, काना एवढंच येत होतं, समोर मनमाडची गाडी लागली होती, तिने बोट हवेत फिरवत म, न, मा म्हटलं आणि ड वर अडली, माझ्याकडे बघितलं, मी काहीच बोलले नाही, मग कंडक्टर ओरडला मनमाड मनमाड आणि ही एकदम उडीच मारून म्हणाली, आई ते ड आहे! ते अक्षर मला कधी शिकवावंच लागलं नाही.

आता वर्षाचं. महिन्यावार पोर्शन लावू नका, पण एक ढोबळ वाट ठेवा. जून-जुलैत पाऊस असतो, घरात बसणं होतं, तेव्हा अक्षरांची घाई न करता नुसतं कान-तोंडाचं काम करा, गोष्टी, बडबडगीतं, कमळ म्हणताना पहिला आवाज कुठला आणि शेवटचा कुठला, क वरून सुरू होणाऱ्या घरातल्या वस्तू शोध बघू, असे खेळ. ज्या पोराला शब्दातला आवाज सुटा ऐकू येतो त्याला अक्षर पटकन चिकटतं, ज्याला येत नाही ते पोर क ला पाठ करत बसतं.

ऑगस्टपासून अक्षरं, पण अ आ इ ई च्या क्रमाने नको, अ काढायला फार अवघड आहे हो लहान हाताला. क, म, न, र, ल, व, प, ग एवढी आठ घ्या आणि लगेच काना द्या. एवढ्यातच नाक, कान, मान, पान, पाव, गाव, वारा, मामा, काका, लाल, मका असं किती होतं बघा, पोर महिन्या-दीड महिन्यात खरे शब्द वाचायला लागतं आणि त्याला वाटतं की आपल्याला येतंय. तिचं स्वतःचं नाव आणि आई हा शब्द मात्र अख्खेच्या अख्खे चित्रासारखे ओळखू द्या, त्याला नियम नको. ब-व, घ-ध, भ-म या जोड्या एका आठवड्यात कधीच घेऊ नका, एक पक्कं झाल्यावर महिनाभराने दुसरं. पहिली वेलांटी दिवाळीनंतर, कारण ती डोळ्याला आधी दिसते आणि तोंडाने नंतर म्हणायची असते, त्यात पोरं हमखास गोंधळतात. जोडाक्षरं या वर्षी शिकवायचीच नाहीत, वाचताना आली तर तुम्ही सांगून टाका आणि पुढे चला.

लिहिण्याचा हट्ट तर अजिबात नको. आधी ताटात रवा पसरून बोटाने, मग पाटीवर, मग वहीत. गणपतीत एकवीस दुर्वा तिला मोजायला द्या. दिवाळीत ठिपक्यांची रांगोळी, आधी पाच बाय पाच, ठिपके सरळ रांगेत टाकायचे, एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत रेघ न तुटता न्यायची, हे जिला जमलं तिचा हात लिहायला तयार झाला समजा. सणाच्या दिवसांत बसून अभ्यास होणार नाही आणि त्याचं वाईटही वाटून घेऊ नका. एप्रिल-मेमध्ये नवीन काही नको, वाचलेलं परत वाचायचं.

पुस्तकं लागतीलच, तर बालभारतीची पहिलीची पुस्तकं त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ती जवळ ठेवा म्हणजे शाळेतली मुलं साधारण कुठे आहेत ते कळतं. पण पान एकपासून पान शेवटपर्यंत नेऊ नका.

कायद्याचं नीट वाचा. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू, 6 ते 14 वयासाठी. त्याच्या कलम 10 मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास शिक्षा काय हे कुठेच नाही. म्हणजे घरशाळेला स्पष्ट परवानगी नाही आणि स्पष्ट बंदीही नाही, असं ते मधलं प्रकरण आहे, बरीच घरं अशीच शिकवतायत. परत जायचं तर कलम 4 तुमच्या बाजूने आहे, सहा वर्षांवरच्या मुलाला वयाला योग्य वर्गात प्रवेश द्यायचा असं त्यात आहे, त्यामुळे जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेचं दार उघडं आहे. खाजगी शाळेत जागा असेल तर, एवढं लक्षात ठेवा. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते, खाजगी शाळांतल्या गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठीच्या 25 टक्के राखीव जागांचा प्रवेश अगदी सुरुवातीच्या वर्गालाच मिळतो, तुम्ही त्यात बसत असाल आणि पहिली घरी केलीत तर ती संधी जाते, हे दोघांनी बसून आत्ताच ठरवा. पुढे शाळेत गेलीच नाही तरी एनआयओएस, म्हणजे घरी शिकून परीक्षा देता येणारं राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, तिथे तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे स्तर आहेत आणि दहावीला 14 वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे आज त्याची काळजी करायचं कारणच नाही.

सासूबाईंचं म्हणाल तर त्यांना रोजची एक वेळ द्या. दुपारी गोष्ट आजी सांगणार, बस. पोर नवीन शब्द घेऊन आजीकडे गेली की त्या स्वतःच बदलतील, माझ्या घरी असंच झालं. आणि एक साधी वही घाला, रोज रात्री तारीख टाकून दोन ओळी, आज काय केलं, कुठे अडलं. चित्रं, लिहिलेली पानं फाइलमध्ये लावा. उद्या शाळेने विचारलं तर दाखवायला होतं, आणि नोव्हेंबरमध्ये जेव्हा तुम्हाला वाटेल की काहीच होत नाहीये, कारण तसं वाटतंच, तेव्हा जूनची पानं काढून बघा.

प्रश्न: मी साताऱ्याचा, निवृत्त आहे, नातू साडेसहाचा, मुलगा-सून नोकरी करतात म्हणून घरी शिकवायचं काम माझ्याकडे. हुशार आहे पण पंचवीस सांगितलं की 52 लिहितो. एकोणतीसला तर काहीही लिहितो. मला तीसपर्यंत पाढे आणि पावकी-निमकी, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे, करून घ्यायची आहे, जमेल ना?

उत्तर: काका, नातवाचं काही चुकत नाहीये, तो नीट ऐकतोय म्हणून 52 लिहितोय. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी म्हणतो आणि वीस नंतर, लिहिताना मात्र 2 आधी येतो. एकोणतीस त्याहून अवघड, शब्दात ऐकू येतं तीस, लिहायचे 2 आणि 9. आपल्या मराठी आकड्यांना ही गाठ आहेच. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला वीस एक असं वाचायला दिलं होतं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. मला विचाराल तर पंचवीस हा शब्द सोडायचा नाही, पण तिथपर्यंत जायला वीस पाच ही चांगली पायरी आहे.

खराट्याच्या काड्या घ्या, सारख्या लांबीच्या तोडा, दहा-दहाला रबरबँड लावून जुड्या करा. त्याने स्वतः कराव्यात, तुम्ही नाही. मग पंचवीस म्हटलं की दोन जुड्या डावीकडे, पाच सुट्या उजवीकडे. तोंडाने आधी वीस पाच, मग लगेच पंचवीस. जुड्यांखाली 2, सुट्यांखाली 5. एकोणतीसला तीन जुड्या मांडायला सांगा आणि एक काडी काढून घ्या, म्हणजे एक जुडी सोडावीच लागते आणि हातात दोन जुड्या, नऊ सुट्या उरतात. एक उणे तीस हे शब्दातच लपलंय हे तेव्हा त्याला दिसतं, माझ्याकडच्या एका पोराने तर काडी हातात धरून विचारलं होतं, म्हणजे एकोणचाळीसला पण एकच काढायची? रोज पाच आकडे, दोन-तीन आठवडे, त्याआधी वहीत उतरवायचं नाही.

पाढे या वर्षी दोन, पाच आणि दहाचे, तेही चपलांचे जोड, हाताची बोटं, जुड्या मोजत मोजत. पावकी-निमकी तुम्हाला येते हे मोठं भाग्य आहे त्याचं, पण अजून तीन-चार वर्षं थांबा, आणि तोवर भाकरी मोडताना अर्धी, पाव हे शब्द भरपूर वापरा.

प्रश्न: रत्नागिरीहून लिहितोय. मुलगा पाच वर्षांचा. एका दुकानात घरशाळेसाठी लाकडी साहित्याचा संच दाखवला, 18 हजार रुपये. त्याशिवाय पाया कच्चा राहतो असं म्हणाले. घ्यावा का?

उत्तर: नका घेऊ. लहान मुलांच्या शिक्षणासाठी झटलेल्या ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे त्या सहकारी अनुताई वाघांबरोबर जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, तिथल्या आदिवासी मुलांसाठी परदेशी पद्धतीचं महागडं साहित्य कुठून आणणार होत्या? त्यांनी शंख, शिंपले, दगड, बिया, पानं अशा आजूबाजूला मिळणाऱ्या गोष्टींतूनच मुलांना शिकवलं, आणि मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात, गुरं चारायच्या कुरणात नेली. तुम्हाला तर समुद्र दारात आहे.

रविवारी पोराला घेऊन किनाऱ्यावर जा, एक पिशवी भरून शिंपले आणा. लहान-मोठे लावणं, रंगाप्रमाणे ढीग करणं, दहा-दहाच्या रांगा, वजनाने जड-हलके, एका पिशवीत सहा महिन्यांचं गणित आहे. सोबत चिंचोके, नारळाच्या करवंट्या, एक पाटी आणि चार-पाच चांगली चित्रांची पुस्तकं. पैसे खर्च करायचेच तर पुस्तकांवर करा. फक्त शिंपले घरी आणल्यावर गरम पाण्यात धुवून दोन दिवस कडक उन्हात वाळवा, आत जीव राहिलेला असला तर घरभर वास सुटतो.