हेतू नव्हता, तरी दोष कसा?

प्रश्न असा: सोलापुरात गच्चीवर पतंग उडवणाऱ्याच्या नायलॉन मांजाने खाली दुचाकीवाल्याचा गळा कापला. त्याला कुणाला मारायचं नव्हतंच, मग तो दोषी कसा?

हेतू नसला की जबाबदारी संपत नाही. कायदाही तसं मानत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०० मध्ये सदोष मनुष्यवधासाठी हेतूच्या जोडीला ‘या कृत्याने मृत्यू होण्याचा संभव आहे याची जाणीव’ हाही निकष आहे. तेवढी जाणीवही नसेल, तर निष्काळजीपणासाठी कलम १०६ उरतंच. खटल्यात नेमकं कोणतं कलम लागेल, ते पुराव्यावर ठरेल.

‘मला माहीतच नव्हतं’ हे मात्र सोलापुरात कोण पटवून घेणार? राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये या मांजावर देशभर बंदी घातली. दुकानदार तो काउंटरखालून काढून देतो आणि आपण पिशवीत लपवून घरी आणतो; ती लपवाछपवीच माहिती असल्याचा पुरावा आहे! दहा वर्षांच्या पोराला खरंच कळत नसेल, हे मान्य. मग पैसे देणाऱ्या बापाला विचारा. दारूच्या नशेत गुन्हा करणाऱ्याला दुप्पट शिक्षेचं उदाहरण ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलने दिलं होतं, कारण ते अज्ञान त्याने स्वतःच ओढवून घेतलेलं असतं. डोळेझाकही त्याच जातीची.

शेजारच्या गच्चीवरच्याचा तोच मांजा नुसता लिंबाच्या झाडात अडकला, तर? शिक्षा वेगळी होईल. माझ्या मते बेपर्वाई मात्र दोघांची सारखीच, आणि विकणाऱ्याची त्याहून जास्त, कारण तो शुद्धीत बसून नफा मोजत होता.